जावक टेबलावरची पट्टी

पानभर रुंद, बोटाएवढीही उंच नाही, आत निळा किंवा हिरवा रंग आणि शेजारी टक्क्यांचा आकडा. अपलोडच्या पट्टीचं रूप म्हणजे एवढंच. वेबपानावर तिला कायमची जागा नाही. फाइल निवडून बटण दाबलं की ती येते, काम उरकलं की दिसेनाशी होते. तिची आपली गाठ पडते तीही बहुधा नको त्या वेळी. अर्जाची मुदत रात्री बारापर्यंत असते, अकरा वाजून गेलेले असतात, उत्पन्नाच्या दाखल्याचा स्कॅन वर चढत असतो आणि घरातली चार माणसं तिच्याकडे डोळे लावून बसलेली असतात. घायकुतीला आलेला माणूस समोर जे दिसेल त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त विसंबतो. या पट्टीची कीर्ती आणि बदनामी, दोन्ही त्या जास्तीच्या भरवशातून आल्या आहेत.

स्वभावानं ती सरळ आहे. सरकारी कचेरीत आवक-जावक टेबल असतं ना, त्यातल्या जावक बाजूला बसणारी ही कारकून. पाकीट हातात आलं की क्रमांक टाकायचा, वहीत नोंद करायची, पाकीट टपालात सोडायचं. ‘माझा कागद गेला का?’ असं विचारा, उत्तर चोख मिळेल. ‘पोचला का?’ असं विचारलंत तर तो तिच्या टेबलाचा विषय नाही. गंमत अशी, की आपण तिला कायम दुसराच प्रश्न विचारत असतो आणि ती पहिल्याचं उत्तर देत असते.

तिची वही जवळून बघण्यासारखी आहे. त्यात मुख्य रकाने दोनच: ‘लोडेड’, म्हणजे किती गेलं, आणि ‘टोटल’, म्हणजे एकूण किती जायचं आहे. तिसऱ्या रकान्यात फक्त हो किंवा नाही: एकूण आकडा ठाऊक आहे की नाही. पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं, शंभरनं गुणायचं, झाली टक्केवारी. ब्राउझर तिला साधारण दर ५० मिलिसेकंदांनी नवा आकडा कळवतो, म्हणजे सेकंदाला फार तर वीसेक वेळा. त्याहून दाट नोंदी मागितल्या तर पट्टी रंगवण्यातच यंत्राचा वेळ जायचा. आणखी एक बारकावा. तुमचा स्कॅन ४८,२३,४४९ बाइटांचा असला तरी ‘टोटल’च्या रकान्यात ४८,२३,६५० असं काहीतरी दिसतं. वरचे दोनेकशे बाइट पाकिटाचे: फाइलचं नाव, ती कुठल्या प्रकारची, कुठल्या रकान्यासाठी आली आणि मजकूर कुठे संपतो हे सांगणाऱ्या खुणेच्या ओळी. ती पत्राचं वजन पाकिटासकट धरते. हिशेबात इतकी काटेकोर.

पण ‘गेलं’ म्हणजे कुणाच्या हाती गेलं? सर्व्हरच्या नव्हे. ब्राउझर बाइट सोपवतो ते आपल्याच यंत्रातल्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे. तिथे पाठवायच्या मजकुरासाठी एक राखीव जागा असते, बफर. त्यात बाइट पडले की पट्टीच्या लेखी ते गेले. तिथून ते राउटरपर्यंत, राउटरमधून तारेवर, तारेवरून मुंबईच्या नाहीतर सिंगापूरच्या डेटा सेंटरपर्यंत कधी आणि कसे गेले, वाटेत किती हरवले आणि पुन्हा पाठवावे लागले, यातलं काही वहीत येत नाही. म्हणून पन्नास केबीचा फोटो चढवताना पट्टी एका उडीत शंभरावर जाते आणि मग पान बराच वेळ ढिम्म राहतं. फोटो मावेल एवढा बफर रिकामा होता, तो भरला, तिचं काम झालं. खरा प्रवास तिथून पुढे सुरू होतो.

टक्के मोजणाऱ्या पट्ट्यांचं घराणं वेबपेक्षा जुनं आहे. टोरांटो विद्यापीठात शिकणाऱ्या ब्रॅड मायर्स यांनी १९८५ साली त्यांच्यावर एक निबंध सादर केला. ४८ विद्यार्थ्यांना संगणकावर माहिती शोधायला लावलं होतं, पट्टीसह आणि पट्टीविना. ८६ टक्के जणांना पट्टी हवीशी वाटली. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी लोकांची तक्रार नव्हती, समोर काहीच न दिसण्यापेक्षा तो बरा. वाट बघणाऱ्या माणसाला किती उरलंय यापेक्षा काही हलतंय का, हे आधी कळायला हवं असतं. या एका गोष्टीवर सबंध घराण्याची रोजीरोटी चालली आहे.

वेबवर मात्र हिचा जन्म लांबला. फॉर्ममधून फाइल पाठवता यावी यासाठी झेरॉक्स कंपनीतल्या अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मासिंटर यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘आरएफसी १८६७’ हा मसुदा मांडला. ‘ब्राउझ’ असं लिहिलेलं बटण आणि त्याशेजारची चौकट आली ती तिथून. मजकूर पाठवायची पद्धत ठरली, पण तो जात असताना माणसाला काय दाखवायचं याची सोय पानाच्या हाती कुणी दिली नाही. नेटस्केपच्या कोपऱ्यातल्या ‘एन’वर उल्का पडत राहायच्या आणि त्या पडताहेत तोवर काहीतरी चाललंय, असं समजायचं. दोन एमबीची फाइल टेलिफोनच्या तारेवरून पाठवणारा माणूस पाच-दहा मिनिटं त्या उल्का बघत बसे. मग धीर सुटून पुन्हा बटण दाबे, आणि पहिले पाढे पंचावन्न.

प्रोग्रामर लोकांनी यावर जी शक्कल काढली ती मोठी हुशारीची होती. फॉर्म एका दडवलेल्या चौकटीतून पाठवायचा, म्हणजे मूळ पान जागचं हलत नाही. मग त्या पानानं दर सेकंदाला सर्व्हरकडे एक छोटी विचारणा करायची: अमुक क्रमांकाच्या फाइलचे किती बाइट आले? सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी या भाषेत हे २००६च्या सुमारास, ५.२ या आवृत्तीपासून, एपीसी नावाच्या जोडणीनं जमू लागलं. तिच्यातल्या या सोयीचं नावच ‘एपीसी.आरएफसी१८६७’ असं ठेवलेलं होतं. फॉर्ममध्ये एक अदृश्य रकाना ठेवून त्यात क्रमांक टाकायचा, आणि तो रकाना फाइलच्या आधीच हवा. नंतर ठेवला तर सगळी फाइल येऊन गेल्यावर सर्व्हरला कळणार, की हिचा क्रमांक हा होता. कित्येकांच्या पट्ट्या या एका ओळीच्या उलटसुलटीनं जन्मभर शून्यावर राहिल्या. पुढे २०१२ मध्ये पीएचपी ५.४ नं ही सोय भाषेतच आणली.

या जुन्या पट्टीचं एक वैशिष्ट्य आज कुणाच्या ध्यानात नसतं. ती आवक टेबलावर बसत होती. सर्व्हरच्या हाती खरोखर काय पडलं ते विचारून ती आकडा सांगायची. ओबडधोबड, सेकंदाला एकदा हलणारी, पण सांगायची ते पोचल्याचं. तिच्या या खरेपणाला सुरुंग लागला तो दारात बसलेल्या मध्यस्थांमुळे. एनजिनएक्ससारखा सर्व्हर पुढे उभा असला की तो आधी सगळी फाइल स्वतःकडे गोळा करतो आणि मग एका झटक्यात आत देतो. आत विचारणा करणाऱ्या पट्टीला दिसणार काय? शून्य, शून्य, शून्य, एकदम शंभर.

तोवर तिची बदलीही झाली होती. २००५ साली आलेल्या फ्लॅश प्लेयर ८ मध्ये पाठवणाऱ्याच्या बाजूलाच बाइट मोजायची सोय होती आणि वेबभर फ्लॅशची लपलेली बटणं पसरली. २००९ मध्ये फायरफॉक्स ३.५ आला तेव्हा ही मोजणी ब्राउझरच्या स्वतःच्या एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टमध्ये, थोडक्यात एक्सएचआरमध्ये, आलेली होती. इंटरनेट एक्सप्लोररला तिथे पोचायला २०१२ उजाडलं. २०२० सरताना फ्लॅश गेलं. २०१५ पासून ‘फेच’ नावाचा नवा, सुटसुटीत मार्ग ब्राउझरांत आला, पण वर जाणाऱ्या बाइटांचा हिशेब द्यायची सोय त्यात ठेवलेली नव्हती. म्हणून आजही पट्टी हवी असली की नव्या दमाचे प्रोग्रामर नाक मुरडत जुन्या एक्सएचआरच्या दारात येतात. या बदलीत पट्टी चपळ झाली, दिसायला देखणी झाली. आवक टेबल मात्र तिच्या हातून गेलं.

हा फरक पुस्तकात न वाचता ज्यांना कळला आहे ती माणसं तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात भेटतात. जून-जुलैची, प्रवेशाची धामधूम. टेबलापलीकडे पंचविशीचा पोरगा, अलीकडे मुलगी आणि तिचे वडील, मागे दहा जणांची रांग. दाखल्याचा स्कॅन चढतोय. पट्टी चाळीस, साठ, नव्वद करत शंभरावर येते.

“झालं ना? शंभर आलं,” वडील उठायला बघतात.

“बसा काका. गेलंय, पोचलं नाही अजून. खाली नंबर येऊ दे.”

पान हलत नाही. मुलीचा हात माऊसकडे जातो.

“ताई, बॅक नका दाबू. सगळं परत भरावं लागेल.”

मग खाली लाल अक्षरं उमटतात: फाइलचा आकार मर्यादेपेक्षा जास्त आहे. पोरगा उसासाही टाकत नाही. दुसरी खिडकी उघडून “केबीत बसवतो” म्हणतो आणि दाखल्यावरचा गोल शिक्का वाचता येईल न येईल इतका बारीक करून पुन्हा चढवतो. या वेळी पट्टी डोळ्याचं पातं लवण्याआधी भरते. तो तिच्याकडे बघतही नाही, त्याची नजर नंबर जिथे यायचा त्या जागेवर असते. रांगेतल्या सगळ्यांचे डोळे पट्टीवर आणि तिला रोज बघणाऱ्याचे डोळे दुसरीकडे, यातच तिची खरी पत कळते.

त्या लाल अक्षरांचं खापर पट्टीच्या माथी फुटतं, पण दोष तिला नेमणाऱ्यांचा आहे. पीएचपी आहे तशी बसवली तर दोन एमबीच्या वरची फाइल स्वीकारत नाही. एनजिनएक्स न सांगता एक एमबीची मर्यादा धरतो आणि वरच्या आकाराला ४१३ क्रमांकाची चूक परत करतो. पीएचपीची रीत अशी, की फाइल पूर्ण येऊ द्यायची आणि मग मोठी आहे म्हणून टाकून द्यायची. पट्टी बिचारी इमानानं शंभरापर्यंत चालते आणि सगळं मुसळ केरात. वास्तविक फाइल निवडल्याक्षणी तिचा आकार ब्राउझरला ठाऊक असतो. पाठवण्याआधीच ‘ही मोठी आहे’ असं सांगायला पानात दोन ओळी पुरतात. त्या न लिहिणाऱ्यानं पट्टीला तोंडघशी पाडलेलं असतं.

तिच्या संथपणाबद्दलही लोक तिलाच बोल लावतात. डाउनलोड भराभर होतं आणि अपलोड का रांगतं? कारण वाटच तशी बांधलेली आहे. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं एडीएसएल नावातच विषम आहे. त्याच्या सुधारित एडीएसएल२+ प्रकारात खाली यायला जास्तीत जास्त २४ मेगाबिटची रुंद वाट आणि वर जायला जेमतेम एकाची. घरोघरी माणसं बघतील जास्त, पाठवतील कमी, हा हिशेब त्यामागे होता. एक मेगाबिटच्या वाटेनं पाच एमबीचा दाखला चढवायला, एका बाइटचे आठ बिट धरून, चाळीस सेकंद लागणारच. त्यात मेगाबिट आणि मेगाबाइट यांची गल्लत करून ‘पाच सेकंदांत व्हायला हवं होतं’ म्हणणारे असतातच.

तिची एक खोड मात्र खरी आहे. ‘किती वेळ उरला’ असं विचारलं की ती थापा मारते. सुरुवातीला रिकाम्या बफरात बाइट धबाधबा पडतात, त्या वेगानं हिशेब करून ती सांगते ‘३ सेकंद’. बफर भरला, खऱ्या वाटेचा वेग लागला, की त्याचेच ‘४ मिनिटं’ होतात. जाणते प्रोग्रामर तिला पहिले काही क्षण गप्प बसवतात आणि पुढे मागच्या थोड्या सेकंदांची सरासरी घ्यायला लावतात.

तिला नटवणारेही पुष्कळ. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ख्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वेगवेगळ्या चालींच्या पट्ट्या लोकांना दाखवल्या. शेवटी वेग घेणारी पट्टी लोकांना कमी वेळाची वाटली, शेवटी अडखळणारी सगळ्यात नकोशी. २०१० मध्ये त्यांनी पट्टीवर मागे सरकणाऱ्या लहरी उमटवल्या, तर तेवढाच वेळ लोकांना ११ टक्क्यांनी कमी भासला. तेव्हा त्या तिरक्या सरकत्या रेघा नुसती हौस म्हणून आलेल्या नाहीत. पण या अभ्यासाचा बोध घेऊन काहींनी हद्दच केली. कुठल्याही बाइटाशी ज्यांचा संबंध नाही अशा पट्ट्या निघाल्या. २०१३ मध्ये आलेली एनप्रोग्रेस ही पानाच्या माथ्यावरची बारीक पट्टी घ्या. काम किती झालं हे तिला ठाऊक नसतं, ती मधूनमधून अंदाजे थोडी पुढे सरकते आणि शेवटाजवळ रेंगाळते. पान उघडताना हे चालून जातं, कारण तिथे कुणाचं काही पणाला लागलेलं नसतं. अपलोडच्या जागी तसली पट्टी बसवणं म्हणजे वहीत न पाठवलेल्या पत्रांचे जावक क्रमांक टाकणं.

तिला आवाजही आहे, तो डोळस माणसांना सहसा ऐकू येत नाही. दृष्टिहीन लोक वापरतात तो एनव्हीडीए हा मोफत वाचक-प्रोग्राम पट्टी पुढे सरकली की ‘टुक्’ असा स्वर काढतो आणि टक्का वाढेल तसा स्वर चढत जातो. ऐकणाऱ्याला मान वळवायलाही नको, कुठवर आलं ते कानानं कळतं. मात्र त्यासाठी पान लिहिणाऱ्यानं ती पट्टी आहे हे पानाच्या भाषेत सांगायला हवं. एचटीएमएलमध्ये ‘प्रोग्रेस’ नावाचा घटक त्यासाठीच आहे. रंगवलेला रिकामा चौकोन रुंदावत नेला तर डोळ्यांना पट्टी दिसेल, कानांना काहीच नाही.

आणि वाट मधेच तुटली तर? साध्या अपलोडमध्ये नव्वदाव्या टक्क्याला मोबाइलची रेंज गेली की सगळं पहिल्यापासून. डाउनलोडला ‘अमुक बाइटापासून पुढचं द्या’ म्हणायची सोय १९९७ पासून एचटीटीपीत आहे, पण वर चढणाऱ्या फाइलला तशी सोय प्रत्येक सेवेला स्वतः उभारावी लागली. फाइलचे तुकडे करायचे, एकेक पाठवायचा, आणि प्रत्येक तुकड्यावर सर्व्हरची सही घ्यायची. गूगल ड्राइव्ह २५६ केबीच्या पटीतले तुकडे मागतं, ॲमेझॉनच्या एस३ मध्ये शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान पाच एमबीचा लागतो. इथे पट्टी कधीकधी उलटी फिरते. ६२ वरून ५८ वर आली, की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण ती तेव्हा जितकं खरं बोलते तितकं एरवी बोलत नाही. एक तुकडा पोचला नव्हता, तिनं त्याची नोंद खोडली. तुकड्या-तुकड्याच्या पोचपावत्या हाती असल्यामुळे आवक टेबलाचा थोडा भाग तिला परत मिळाला आहे, आणि मागे येण्याइतका प्रामाणिकपणा तिला तिथूनच लाभला आहे.

म्हणून पट्टी चांगली की वाईट हे तिच्या रंगावरून आणि चालीवरून ठरवू नये. शंभर झाल्यावर पान काय म्हणतं ते बघावं. शंभराला लगेच ‘यशस्वी’ लिहिणारं पान तिच्या तोंडी नसलेलं वाक्य घालतं. पलीकडे अजून फाइल तपासायची, साठवायची, नोंदवायची बाकी असते. शहाणं पान पट्टी भरताच शब्द बदलतं, ‘पाठवून झालं, तपासणी चालू’ असं लिहितं, आणि ‘मिळाली’ हा शब्द सर्व्हरचं उत्तर हाती आल्यावरच वापरतं, सोबत पावतीचा क्रमांक देऊन. काही प्रोग्रामर ते उत्तर येईपर्यंत पट्टी ९९ वर रोखून धरतात. लोक वैतागतात, पण तो वैताग खऱ्यासाठी सोसावा असा आहे. पाठवल्याचा हिशेब पट्टीनं द्यायचा, मिळाल्याची पावती सर्व्हरनं द्यायची, आणि ती पावती दिसेपर्यंत खिडकी उघडी ठेवायची एवढं आपण करायचं.